देव्हाऱ्यातला ब्रेक

आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, जवळ आली की माझ्या फोनवर झोके यायला लागतात. कडुनिंबाला टांगलेला झोका, त्यावर नऊवारी नेसून बसलेली कोणीतरी, दोराला प्लास्टिकचा झेंडू गुंडाळलेला आणि खाली माहेरच्या ओढीच्या चार ओळी. पाठवणाऱ्या सगळ्या माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांतल्या निम्म्या माहेरी जाऊन भावजयीशी भांडून येतात, आणि परत आल्यावर त्याच झोक्याचा फोटो पुन्हा टाकतात. धुळ्याला माझं औषधांचं दुकान आहे. वैशाखात घामोळ्याची पावडर आणि जुलाबाच्या पुड्या विकताना मधल्या रिकाम्या वेळात मी हे झोके पुसत बसते.

मला आखाजी आवडत नाही असं म्हटलं की लोक दचकतात. खान्देशातली बाई आणि आखाजी नावडती, म्हणजे हिचं माहेर तुटलं असणार, असा चेहरा करतात. माझं माहेर शाबूत आहे. चोपड्याजवळच्या आमच्या गावात आबांची केळी आहे, कपाशी आहे, माय आहे, धाकटा भाऊ भूषण आहे. खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस मी कोणाहूनही जास्त खाते. पण सण आला की आमच्या माणसांची अक्कल सुटीवर जाते, ते मला बघवत नाही. बाया उन्हात झोक्यावर गाणी म्हणत घसा बसवतात आणि बाप्ये चिंचेखाली पत्ते कुटतात. एरवी जुगाराला शिव्या देणारे म्हातारेही त्या दिवशी पानं पिसतात, कारण आखाजीला चालतं. आखाजीला काय काय चालतं याची आमच्याकडे कोणी हद्दच ठेवलेली नाही.

त्यात मुहूर्त. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक, म्हणून आबा वर्षभराच्या नव्या वस्तू आखाजीसाठी राखून ठेवतात. सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं, ते ठीक आहे, ती शेतीची रीत आहे. पण फवारणीचा नवा पंप माघात आणून वैशाखापर्यंत कोठीत ठेवायचा आणि तोवर जुन्या गळक्या पंपानं स्वतःच्या पाठीवर औषध सांडून घ्यायचं, याला काय म्हणावं? मायनं एकदा नवा कुकर मुहूर्ताआधी चुलीवर चढवला, तर आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मायनं तो कुकर घासून परत डब्यात भरला. मी तेव्हा शाळेत होते, आणि बापाची कीव करायची असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता ज्या आखाजीबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी माझी मुलगी रेवा पाच वर्षांची होती. भूषणचं लग्न व्हायचं होतं. त्याच्याकडे मोटारसायकल होती आणि मोटारसायकलवाले मित्र होते. या जातीची माणसं आता सगळ्या तालुक्यांच्या गावांत सापडतात. चौकात चहाच्या टपरीपाशी गाड्या तिरप्या लावून उभी असतात. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, कारण डोक्यात घातलं तर केस बसतात. फोनवर पंजाबातल्या नाहीतर केरळातल्या कोणाचे व्हिडिओ पाहतात आणि मग एकमेकांना शिकवतात. शेताचा बांध कुठून सुरू होतो ते ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याला सायलेन्सरचं शास्त्र सांगतो. भूषण त्यांच्यात बसून बसून हुशार झाला होता.

त्या वर्षी त्यांना ब्रेकच्या पाईपचं वेड लागलं होतं. पुढच्या चाकाच्या डिस्क ब्रेकला हँडलपासून खालपर्यंत एक रबरी पाईप येते, तिच्यात तेल असतं. आपण मूठ दाबली की तेलाचा दाब खाली जातो आणि गाडी थांबते. भूषणचं म्हणणं असं, की रबर जुनं झालं की फुगतं, आपण दाबलेला दाब वाटेतच पाईप फुगवण्यात जातो आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो. म्हणून रबर काढून स्टीलची पाईप घालायची. आत गुळगुळीत नळी आणि वरून स्टीलच्या बारीक तारांची वेणी घातलेली. ती फुगत नाही, उन्हानं चिरत नाही. हे सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला पटलं. माझ्या दुकानात सलाईनच्या नळ्या असतात. उन्हात पडलेलं रबर कसं होतं ते मला कोणी शिकवायला नको. भूषणच्या आयुष्यातला तो पहिला शहाणा विचार होता.

पाईप फाल्गुनात कुरिअरनं आली. मग ती आबांनी पाहिली. चांदीसारखी चमकणारी ती वेणी हातात घेऊन आबांनी उलटसुलट केली म्हणे, आणि भूषणला विचारलं, लोखंड ना हे? वाहनाचं ना? मग आखाजीला बसव. भूषणनं मान डोलावली. गाडीचा वेग, दाब, तेल, सगळ्यावर तासभर बोलणारा हा माणूस बापापुढे एक शब्द बोलला नाही. पाईप देव्हाऱ्यात गेली. बाळकृष्णाच्या शेजारी, हळदीकुंकू लावून, डबीसकट. भूषण चौकात मित्रांना डबीचा फोटो दाखवत राहिला आणि गाडी जुन्याच पाईपवर चालवत राहिला.

आमच्याकडे आखाजीला लेकीला माहेरी न्यायला माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच असतो. मुराळी दारात आला की लेकीनं निघायचं. त्याला रिकामं परत पाठवणं म्हणजे माहेराला अपशकुन आणि सासरचा अपमान, दोन्ही एकदम. आणि लेक आखाजीच्या आधी घरी पोचायला हवी. याचा हिशेब माझ्या घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. पाईप बसणार आखाजीला. मी येणार आखाजीच्या आधी. म्हणजे मला आणायला येणारी गाडी जुन्याच ब्रेकची असणार. नवा ब्रेक देवाच्या जिवाची काळजी घेत घरी बसणार.

भूषण दुपारच्या आधीच धुळ्याला आला. अंगणात गाडी लावली, सासूबाईंच्या पाया पडला, पाणी प्यायला. मी पिशवी गाडीला अडकवायला गेले आणि पुढच्या चाकाजवळ मला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी दिसली. ब्रेकच्या पाईपवर आवळून गुंडाळलेली. मी हात लावला. पट्टीखाली पाईपला चांगला टम्म फुगा आला होता.

"हे काय शे?"

"तठे जरासं फुगेल शे. गॅरेजवालानी पट्टी मारी दिन्ही," भूषण म्हणाला. "काही नही व्हत अक्का, कव्हयनी अशीच चाली राहिनी गाडी."

"आनि नवी पाईप?"

"देव्हारामा शे. आबानी सांगं, आखाजीलेच बसाडानी."

हे सांगताना त्याला हसू आलं नाही. मला वाटलं होतं येईल. तो गॅरेजवाला मला माहीत होता. भिंतीवर देवांचे फोटो आणि त्यांच्याच खाली तंबाखूच्या पिचकाऱ्या. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, सायकलची ट्यूब. गळतंय, बांध. हलतंय, बांध. माझ्याकडे तारीख उलटलेली गोळी मागायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हाकलते. या माणसाकडे लोक रांग लावतात, आणि "बिनधास्त जाय" हे दोन शब्द ऐकून खूश होऊन परत जातात.

मी सासूबाईंना म्हटलं, मी बसनं जाते, भूषणला गाडीवर पुढे जाऊ दे. सासूबाई शिकलेल्या आहेत, रोज पेपर वाचतात. त्या म्हणाल्या, "भाऊ दारात उभा आणि तू पाईप बघतेस? लोकांच्या पोरी डोळे लावून बसतात." मग शेजारच्या दोघी बाहेर आल्या. मुराळी आला, मुराळी आला असं म्हणत त्यांनी रेवाच्या हातात खाऊ दिला, माझी ओटी भरली. ओटीतले तांदूळ सांभाळत ब्रेकच्या तेलाबद्दल बोलणं फार अवघड असतं. रेवा आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि आम्ही निघालो.

वैशाखातलं ऊन काय असतं ते कोकणातल्या आणि घाटावरच्या लोकांना सांगून कळत नाही. ओढणी तोंडाला बांधली तरी श्वास भट्टीतून आल्यासारखा येतो. रस्त्याचं डांबर चकाकतं आणि सारखं पाणी सांडल्यासारखं वाटतं. अमळनेर सोडलं तसा वारा पेटला. भूषण मध्येमध्ये मान मागे वळवून मला समजावत होता, की नवी पाईप बसली की गाडी एका बोटावर थांबेल. मी त्याला म्हटलं, तू समोर बघ. पुढच्या गावाजवळ एक बैलगाडी आडवी आली तेव्हा त्यानं मूठ दाबली, आणि त्याची बोटं हँडलला जाऊन टेकलेली मला त्याच्या खांद्यावरून दिसली. गाडी थांबली, पण लांबत लांबत. रेवाला मजा वाटली.

तापीच्या पुलाकडे रस्ता उतरतो तिथे दोन्ही बाजूंना मातीचे उंच कडे आहेत. खाली केळी भरलेला एक ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याचा माणूस खाली उतरून दोर आवळत होता. भूषणनं मूठ दाबली. मूठ काहीच न बोलता हँडलला चिकटली. काहीतरी फुटल्याचा बारीक आवाज आला आणि माझ्या पायावर कोमट तेलाचे थेंब उडाले. भूषणनं मागचा ब्रेक दाबून धरला, गिअर खाली पाडले, मागचं चाक फरफटत गेलं. मी रेवाला अशी आवळली की नंतर तिच्या दंडावर माझी बोटं उठली होती. गाडी कडेच्या मातीत घुसून तिरपी होऊन उभी राहिली. ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवलेलं कमळ मला हात लावता आलं असतं.

आम्ही उतरलो. सायकलच्या ट्यूबची पट्टी सुटून चाकावर लोंबत होती. भूषणनं ती काढली, पाहिली आणि खिशात ठेवली. मग त्यानं गाडी मातीतून बाहेर ओढली आणि सीटवर हात फिरवला.

"बस अक्का. मांगला ब्रेकवर हयूहयू जाऊत."

"आते मी बसाव नही."

"आशी वाटमा थांबशी का? मुराळी एकला गावमा गया तर आबा काय म्हनतीन?"

मला तेव्हा त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. हे मी सौम्य करून सांगत नाही. माझी मुलगी त्या ट्रकखाली जायची वाचली होती, तिचे दात वाजत होते, आणि या घोड्याला चिंता ही, की मुराळी एकटा गावात कसा जाणार. मागून प्रवाशांची पिकअप येत होती, तिला हात केला, रेवाला वर चढवलं आणि बसले. भूषण आमची पिशवी घेऊन मागून धूळ खात खात, पाय जमिनीला टेकवत, बऱ्याच वेळानं गावात पोचला.

वेशीवर उतरले तेव्हा चिंचेखालचे पत्तेवाले मान वर करून बघू लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी एक म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं मला आणि रेवाला पायी येताना पाहिलं, मागे मुराळी दिसला नाही, आणि फार मायेनं विचारलं, "भांडीसन उनी का व माय?" लेक मुराळ्याशिवाय आली म्हणजे नवऱ्यानं हाकललेली असणार, दुसरं काही सुचायची सोयच नाही. घरी पोचेपर्यंत ही बातमी माझ्या पुढे जाऊन पोचली होती.

आबा दारात उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. फुगा, पट्टी, उतार, ट्रक. रेवाचा दंड दाखवला. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुराळीले वाटमा सोडीसन उनी तू? गाव काय म्हनी?"

"आबा, तठे ब्रेक लागना नही."

"म्हनीसन तर नवा आनेल शे ना. परोनदिन मुहूर्त शे."

मायनं रेवाला आत नेलं आणि गूळपाणी दिलं. रेवाच्या पाठीवरून ती कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. ती देव्हाऱ्याकडे पाहत होती, देवाकडे नाही, त्या डबीकडे. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल. तिनं पदरानं डबी पुसली आणि परत जागेवर ठेवली. कुकर घासून डब्यात भरणारी बाई ती.

आखाजीच्या दिवशी सकाळी पितरांचा घास टाकून झाला, घागरी पुजून झाल्या, आणि मग अंगणात ब्रेकचा सोहळा झाला. गॅरेजवाल्याला मानानं बोलावलं होतं. त्याला आधी टोपी घालून रस-पोळी वाढली. मग देव्हाऱ्यातून पाईप बाहेर आली. आबांनी नारळ फोडला. गॅरेजवाल्यानं जुनी फाटकी पाईप काढून बाजूला फेकली आणि नवी बसवायला घेतली. भूषण फोनवरच्या व्हिडिओत बघून त्याला सूचना देत होता, वायसरी तांब्याच्याच पाहिजेत, तेल भरताना हवा राहायला नको, आणि गॅरेजवाला हो हो म्हणत आपल्या मनाचंच करत होता. दोघांना एकमेकांबद्दल फार आदर होता. मग नव्या लखलखीत वेणीला कुंकू लावताना आबांनी बोट तुपात बुडवलं आणि ते चाकाच्या ब्रेकच्या चकतीवरही ओढलं. चकतीला तूप म्हणजे ब्रेक घसरणार, सगळ्या खर्चावर आणि खटाटोपावर पाणी. मी ते पुसायला पुढे झाले, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी निरांजन विझवलं. तरी मी पुसलं. साबणाच्या पाण्यानं पुसलं, मग कोरड्या फडक्यानं पुसलं.

भूषणनं गल्लीत चक्कर मारली, जोरात आला आणि दारासमोर जागच्या जागी थांबला. पोरं ओरडली. पत्तेवाल्यांनी डाव थांबवून बघितलं. ब्रेक खरोखर फार छान लागत होता. आबांचा चेहरा फुलला. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आते जीवनी काळजी नही. बस, एक चक्कर मार." लेकीची आणि नातीची समजूत पटली असं त्यांना वाटलं. त्यांच्या मनात खोट नव्हती हे मला दिसत होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. खोट असती तर भांडता आलं असतं.

मला त्या घरात तेव्हा एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी एकानं म्हणावं, की त्या दिवशी तुम्ही दोघी मेल्या असता. बस, एवढंच. मुहूर्ताबद्दल, आबांबद्दल, गॅरेजबद्दल कोणी काही नाही म्हटलं तरी चालेल. परत निघायच्या दिवसापर्यंत मी त्याची वाट पाहिली. रस खाल्ला, पापड वाळवले, बायकांच्या गळ्यात गळा घालून गाणीही म्हटली. कोणी म्हणालं नाही. उलट गल्लीत अशी कथा झाली की धुळेवालीनं उन्हाच्या तिरमिरीत भावाला रस्त्यात सोडलं.

निघताना भूषणनं गाडी पुसून दारात लावली. मुराळ्यानं सोडायलाही जायचं असतं. मी आबांना म्हटलं, मुराळी येऊ द्या, रीत मोडायची नाही मला. फक्त तो माझ्या शेजारी बसमध्ये बसेल. आबा विचारात पडले. मुराळ्यानं मोटारसायकलवरच न्यावं असं कुठे सांगितलेलं त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी भूषणला मान हलवून जा म्हटलं. नवी पाईप अंगणात उन्हात चमकत राहिली, आणि तिचा मालक मांडीवर पापडांचा डबा आणि पायाशी आंब्याची पिशवी घेऊन एसटीत माझ्या शेजारी बसला. त्याच्या मित्रांपैकी एक जण स्टँडवर दिसला, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. मला बरं वाटलं.

रेवा खिडकीशी झोपली होती. बस तापीकडे उतरायला लागली आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मी सहज खाली पाहिलं. भूषणचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर घट्ट रोवलेला होता, टाच वर, पंजा खाली, पोटरी ताठ. समोर नदीपलीकडे तो दुसरा उतार दिसत होता, ते मातीचे कडे. भूषण तिकडेच बघत होता.

"अक्का," तो म्हणाला, "तठे मी बी घाबरी गयथू. तुम्ही दोन्ही गयात आशेच वाटनं माले."

मी रेवाचं डोकं माझ्या खांद्यावर ओढून घेतलं.

मग त्यानं डबा मांडीवर सारखा केला आणि हळूच म्हणाला, "आबाले सांगू नको."

जिवाची भीती वाटली होती ती त्यानं इतके दिवस गिळून ठेवली होती, आणि ती बाहेर काढतानाही त्याला बापाचीच भीती जास्त होती. हा माझा भाऊ, दाढी-मिशीवाला. मी म्हटलं, "आबाले नही सांगाव. पन तुनी बायको उनी का तिले सांगसू." त्यानं मान डोलावली. पाय मात्र त्यानं पूल ओलांडेपर्यंत पत्र्यावरून उचलला नाही.

भूषणची बायको कविता फैजपूरची. पहिल्या आखाजीला तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला, तेव्हा मी तिला फोनवर सगळं सांगितलं. ती ऐकून घेणारी निघाली. ती दर आखाजीला बसनं जाते, आणि तिचा भाऊ शेजारी डबे सांभाळत बसतो. आबा म्हणतात, फैजपूरच्या लोकांना रीत नाही. या वर्षीही त्यांनी कालच फोनवर मला तेच ऐकवलं, आणि वर हेही, की भूषण इतका निडर पोरगा, त्याच्या घरात अशी भित्री सून कशी आली.

मी हो म्हटलं. आबा माझं लिहिलेलं वाचत नाहीत, म्हणून बसमधलं भूषणचं बोलणं इथे सांगायला हरकत नाही.